पायाखालची फरशी

सकाळी ६.१५

चहाच्या आधी फोनवर आलेले विष्ठेचे फोटो पाहायचे, हे माझं रोजचं पहिलं काम. घरातल्यांनी त्यावर बोलणं आता सोडून दिलंय. कासव पाळणारी माणसं फोटो रात्री अकरानंतर पाठवतात. दिवसभराच्या रगाड्यातून जनावराकडे नीट बघायला त्यांना तेव्हाच सवड मिळते. आजचे तीन फोटो बरे आहेत. लेंडी घट्ट, आकार धरलेली, आत गवताचे तंतू दिसतायत. चौथ्यात हिरवट पातळ पसारा आणि शेजारी पांढरा गोळा. तो पांढरा भाग म्हणजे युरेट. जमिनीवरच्या कासवाच्या मूत्रपिंडातून निघणाऱ्या कचऱ्याचा मोठा हिस्सा पाण्यात न विरघळता असा बाहेर पडतो. मऊ असला तर अंगात पाणी पुरेसं आहे, रवाळ असला तर नाही. "बोटांत चोळून कसा लागतो ते सांगा," असं कळवलं. उलट प्रश्न आला, "हाताने?"

हाताने.

जुलै चालू आहे. पुण्यावर ढगांचं झाकण बसलंय आणि ऊन म्हणावं असं ऊन दिसलेलं नाही. माझा हंगाम हाच. पोट भरतं कुत्र्या-मांजरांवर, पण बुधवार मी कासवांसाठी राखून ठेवलाय आणि शक्यतो घरीच जाऊन तपासते. कासव दवाखान्यात आणलं की आजार दिसतो, आजाराचं कारण मात्र घरीच राहिलेलं असतं.

सकाळी ७.४५, कोथरूड

तिसरा मजला, तीन खोल्या, सगळीकडे आरशासारखी चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी. गोटू चार वर्षांचा, तीन किलोचा. जात सल्काटा, म्हणजे आफ्रिकेत सहाराच्या दक्षिण काठावर, सेनेगलपासून सुदान-इथिओपियापर्यंतच्या साहेल पट्ट्यात राहणारं कासव. आपल्याकडच्या विदेशी प्राण्यांच्या बाजारात बशीत मावेल एवढं पिल्लू म्हणून विकलं जातं.

"आळशी झालाय हो डॉक्टर," आजोबा म्हणाले. "दिवसभर सोफ्याखाली."

मी हात न लावता दाराशी बसून राहिले. कासवाची तपासणी हातात धरून सुरू करायची नसते. हातात आलं की ते पाय आत घेतं, आणि मग चालीचं काही कळत नाही. दहा-बारा मिनिटांनी गोटू निघाला. पुढचे पाय बरे, पण मागचे दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला फाकून घसरत होते. पोटाचं कवच फरशीवर घासत होतं. निरोगी सल्काटा चालताना पोट जमिनीवरून चांगलं वर उचलतं, त्याच्याखालून बोटं सहज जावीत एवढं. तो तसाच घसटत दारापर्यंत आला आणि काथ्याच्या पायपुसण्यावर चढला. चढल्याबरोबर चारही पायांवर उभा राहिला.

सून म्हणाली, "अरेच्चा! इथे बरा चालतो की."

तिथे त्याच्या नखांना पकड मिळाली होती. या कासवांचे पाय खोदण्यासाठी आणि खडबडीत जमीन ढकलण्यासाठी घडलेले आहेत. गुळगुळीत फरशीवर ढकलायला काही सापडत नाही. मग पाय फाकतात, नितंबाचा सांधा वेडावाकडा ताणला जातो, स्नायू बारीक होतात आणि नखं झिजत नाहीत, लांब वळतात, त्यामुळे पाऊल आणखी तिरपं पडतं. मालकांना वाटतं आळस. वर्षभर असं चाललं की तो आळस खराच होतो.

पण फरशी एकटी दोषी नव्हती. गोटूच्या कवचाच्या कडा मी अंगठ्याने दाबल्या, किंचित लवल्या. चार वर्षांच्या कासवाचं कवच लवता कामा नये. कवच म्हणजे घर नव्हे, सांगाडाच तो. पन्नासहून अधिक हाडं, बरगड्या आणि पाठीचा कणा त्यातच सांधलेले. कवच मऊ म्हणजे पायाची हाडंही कच्ची.

"पण आम्ही रोज खिडकीत उन्हात ठेवतो," सून म्हणाली. खिडकी बंद होती, पावसामुळे. हे मी प्रत्येक घरी सांगते आणि प्रत्येक घरी ते नवं असतं. कॅल्शियम आतड्यातून अंगात घ्यायला 'ड-३' जीवनसत्त्व लागतं, ते कातडीत तयार व्हायला सूर्यप्रकाशातला यूव्हीबी हा अतिनील भाग लागतो, आणि साधी काच तो जवळजवळ सगळा अडवते. काचेमागे ऊब मिळते, उजेड मिळतो, हाडं मिळत नाहीत.

गोटूच्या पेटीवर यूव्हीबीची नळी होती. कधी आणली? गोटूबरोबरच. म्हणजे चार वर्षं. "चालू आहे की अजून," आजोबांनी बटण दाबून दाखवलं. दिवा लागतो, तिथेच फसगत होते. या नळ्यांमधून डोळ्यांना दिसणारा उजेड वर्षानुवर्षं येत राहतो, यूव्हीबी मात्र घटत जातो. बहुतेक नळ्या सहा महिने ते वर्षभरात बदलाव्या लागतात. त्यातून वर बारीक तारेची जाळी टाकली होती, तिने आणखी अडवलेलं.

मग खाणं. काकडी, टोमॅटो, कोबी, कोथिंबीर. सुनेने यादी सांगितली तोवर आजोबा गप्प होते. नातवाने तोंड उघडलं, "आजोबा सकाळी पोळी देतात. तूप लावून." सल्काटा मुळात गवत खाणारं जनावर आहे. त्याच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू तंतू कुजवून त्यातून शक्ती काढतात. तिथे पिठूळ पदार्थ गेला की भलतंच आंबतं, पोट फुगतं. काकडी-टोमॅटोत तंतू आणि कॅल्शियम दोन्ही नावापुरतं. पालक द्यावा का, हा ठरलेला प्रश्न. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून टाकतं, म्हणून रोज नको. हरळी, गिन्नी गवत, सुकं गवत हा पाया. वर जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, थोडा शेवग्याचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग. जास्वंद रोपवाटिकेतून आणली असेल तर फवारणीचा अंमल उतरेपर्यंत तिला हात लावायचा नाही. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मिळतो, त्याचा तुकडा जवळ टाकून ठेवायचा. ज्याला हवा तो कुरतडतो.

कागदावर मी औषधं दोनच लिहिली. बाकी सगळं घराबद्दल होतं. पेटी काढायची, गॅलरीला लागून आठ फुटांची पट्टी करायची. अर्ध्यात माती आणि कोकोपीट, अर्ध्यात खडबडीत शहाबादी, मध्ये हलका चढ. एका टोकाला तापायचा दिवा, त्याखाली ३५ ते ३८ अंश. दुसरं टोक थंड, तरी २५च्या खाली नको. आणि गवत दिव्याजवळ ठेवायचं नाही. लांबच्या टोकाला, तेही विखरून. ताटात वाढलं तर गोटू ताटापाशीच बसेल. त्याला चालायला लावायचं असेल तर चालण्यासाठी काहीतरी कारण हवं.

आजोबांनी निघताना विचारलं, "चतकोरसुद्धा नाही?"

नाही.

सकाळी १०.३०, दवाखाना

पिंपरीहून आलेली मादी, नऊ किलो, मागचे पाय आठवडाभर हलत नाहीत. आधी कुठेतरी कॅल्शियमची सुई झाली होती. मागचे पाय गेले की कॅल्शियम, असं समीकरण बसलंय. पण मागच्या पायांमागे बरंच काही असतं. अडकलेली अंडी, तुंबलेलं आतडं, मूत्राशयातला खडा, पडल्यामुळे झालेला मार. सगळं एकाच बंद पेटीत कोंबलेलं, त्यामुळे आत काही मोठं झालं की ते पायांकडे जाणाऱ्या नसांवर दाबतं.

एक्स-रे दोन काढले. वरून एक, आणि बाजूने एक. बाजूचा काढताना कासव आडवं करायचं नसतं, यंत्रच आडवं फिरवायचं. कासव कलंडलं तर आतले अवयव सरकतात आणि फुप्फुसांची जागा कळत नाही. खडा दिसला. साडेचार सेंटीमीटर.

"वाळवंटातलं ना हे, म्हणून पाणी ठेवत नव्हतो," मालक म्हणाले. अगदी प्रामाणिकपणे. वाळवंटाच्या काठचं हे जनावर दिवसाची उष्ण वेळ खोल बिळात काढतं आणि बिळातली हवा दमट असते. घराच्या कोरड्या खोलीत दिव्याखाली बसून राहणं त्याला साहेलहून कठीण जातं. पिल्लांना रोज आणि मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवावं. पाणी हनुवटीखाली राहील एवढंच. ती त्यात पितात, शी-शू करतात, पोट मोकळं होतं.

खड्याची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात. पोटाच्या कवचात चौकोनी खिडकी कापावी लागेल, ती परत बसवून इपॉक्सीने बंद करावी लागेल. ते हाड पुरतं भरून यायला महिने जातात, कधी वर्ष.

मध्येच एका खेड्यातल्या पशुवैद्य मित्राचा फोन. कासवाच्या मानेला गोचीड आहे, आयव्हरमेक्टिन किती मिली? मी जवळजवळ ओरडलेच. गाईगुरांत, कुत्र्यांत रोज वापरलं जाणारं हे औषध कासवाला मारतं. पक्षाघात होतो आणि श्वास थांबतो. गोचीड चिमट्याने काढायची, जागा पुसायची. सुई कुठलीही असो, शक्यतो पुढच्या पायात द्यायची, कारण मागच्या भागातलं रक्त अंगभर फिरण्याआधी मूत्रपिंडाकडे वळू शकतं. कासवावर कॉलेजात आम्हाला जेमतेम काही पानं होती, त्यामुळे मित्राला दोष देत नाही. पण त्याने विचारलं, हे बरं केलं.

दुपारी १.००

मिठाईच्या खोक्यात स्टार कासव. काळ्या कवचावर पिवळ्या चांदण्या, वजन साडेसातशे ग्रॅम, डोळे खोल गेलेले. बाईंनी खोकं टेबलावर ठेवलं आणि आधी दार लोटून घेतलं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

"याच्या पावलाने बरकत आली हो आमच्याकडे. यांचं दुकान त्यानंतर चाललं."

मी आधी त्याला कोमट पाण्यात ठेवलं. आलेल्या जनावराला प्रथमोपचार द्यायचे, भाषण नंतर. तेही लहानच असतं. भारतीय स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत आहे. ते घरात ठेवणं गुन्हा आहे, शिक्षा किमान तीन वर्षं कैद. २०१९पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंदी आहे. तरी बरकतीसाठी, वास्तूसाठी, नाहीतर नखं मोजून पैशांचा पाऊस पाडून देणाऱ्या भोंदूंसाठी ती पकडली जातातच.

"मग टेकडीवर सोडून देऊ का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. अजिबात नाही. घरात वाढलेलं कासव नाकातोंडाचा संसर्ग रानातल्या कासवांना देऊ शकतं, शिवाय त्याच्या पायांत रान तुडवण्याची ताकद उरलेली नसते. पुण्याच्या टेकड्या मुळात त्याच्या नाहीतच. ती गुजरात-राजस्थानकडची, आणि खाली आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूतली. वन विभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६. त्यांच्यासमोर मीच लावला. बाई रडल्या. बरकतीसाठी नाही, इतकी वर्षं सांभाळलं म्हणून. मला त्यांचा राग आला नाही. राग येतो तो विकणाऱ्याचा, आणि तो माझ्या टेबलापर्यंत कधी येत नाही.

दुपारी २.३०

डबा. बटाट्याची भाजी, गार पोळ्या. शेजारच्या टबात स्टार कासव पाणी पीत होतं.

दुपारी ३.४५, वानवडी

आजच्या दिवसातलं आवडतं काम. सहा किलोची राणी, गेल्या साली शेजारच्या कुत्र्याने उजवा मागचा पाय फोडला, तो काढावा लागला. तीन पायांवर कासव बऱ्यापैकी चालतं, पण राणीची त्या बाजूची कवचाची कड जमिनीवर घासून झिजायला लागली होती. चाक लावायचं ठरलं.

चाकाची कथा लोकांना फार आवडते. २०१८मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या मेरीलँड प्राणिसंग्रहालयात एका जखमी बॉक्स कासवाला लेगोच्या ठोकळ्यांची चाकगाडी करून दिली होती. तो व्हिडिओ अजून मला आठवड्याला कुणीतरी पाठवतं, आणि खाली विचारतं, आमच्याला बसेल का? त्या कासवाच्या पोटाचं कवच फुटलेलं होतं आणि ते जमिनीला टेकू द्यायचं नव्हतं, म्हणून ती युक्ती. फरशीने आणि अंधाराने पाय कमजोर झालेल्या कासवाला चाकं लावली तर उरलेसुरले स्नायूही जातील. आधी जमीन, ऊन, गवत, कोमट पाण्यातली चाल. चाक शेवटी.

राणीसाठी बोहरी आळीतून चारही दिशांना फिरणारं छोटं फर्निचरचं चाक आणलं होतं, साठ रुपयांचं. पोटाच्या कवचावर, गेलेल्या पायाच्या जागेजवळ ते इपॉक्सीने बसवायचं. दोन गोष्टींची काळजी. कवचाच्या खवल्यांमधल्या रेघांवर इपॉक्सी जाता कामा नये, वाढ तिथूनच होते. आणि चाकाची उंची अशी हवी की तीन पाय जमिनीला पुरते टेकतील. चाक उंच झालं तर चांगला पाय हवेत राहतो. उंचीसाठी खाली लाकडाच्या चकत्या लावून पाहिल्या, एक जास्त झाली, काढली. कवचाला भोक कधीही पाडायचं नाही, दोरी बांधायलाही नाही. ते जिवंत हाड आहे, त्याला दुखतं.

चाक बसल्यावर राणी थोडा वेळ गोल फिरली. मग सरळ निघाली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. घरातली कॉलेजातली मुलगी शूटिंग करत होती. मी तिला सांगितलं, हे टाकशील तेव्हा खाली लिही, पाय कापल्यावरच.

मातीत चाक रुतेल, तेव्हा अंगणात जायच्या वेळी काय, यावर अजून तोडगा नाही. काथ्याची लांब चटई अंथरून बघू, असं घरचे म्हणाले.

संध्याकाळी ५.३०, वाघोली

सरदार. अडतीस किलो. घरमालक आणि मी, दोघांनी मिळून त्याला वजनकाट्यावर चढवलं. काटा धान्याच्या दुकानातून आणलेला. रो-हाउसच्या मागच्या अंगणात त्याने कुंपणाच्या भिंतीखाली बीळ खणलंय आणि ते या पावसात गळ्यापर्यंत भरलंय. तो ओल्या चिखलात बसून होता, नाकात बुडबुडे. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. फुप्फुसातला कफ खोकून बाहेर टाकता येत नाही, म्हणून साधी सर्दी झपाट्याने न्यूमोनियाकडे जाते. गारवा आणि ओल एकत्र, ही सल्काटाला सर्वांत वाईट जोडी.

आज रात्रीपासून त्याची जागा गॅरेजात, कोरड्या पेंढ्यावर, डोक्यावर सिरॅमिकचा हीटर. तो उजेड न देता तापतो, रात्री झोपमोड होत नाही. वीज गेली तर? इन्व्हर्टरवर हीटर टिकत नाही, म्हणून गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून भोवती. गॅरेजाच्या दोन पायऱ्यांना लाकडी उतार, वर खडबडीत रबर. पायरीवरून पडून हा उलटा झाला तर स्वतःच्या आतड्यांचा भार फुप्फुसांवर येतो, आणि उन्हाळ्यात उलटं पडलेलं कासव काही तासांतही दगावू शकतं.

मालक इंजिनिअर, पन्नाशीचे. "आणलं तेव्हा तळहातावर होतं," म्हणाले. "आता कुणाला तरी द्यावं म्हणतोय." कुणी घेत नाही. घेणारा मिळालाच तर कागद लागतात: २०२४च्या नियमांप्रमाणे अशा विदेशी प्राण्यांची नोंद परिवेश पोर्टलवर करावी लागते आणि हस्तांतरही तिथेच कळवावं लागतं. त्यांची नोंद होती, हे मला बरं वाटलं. बहुतेकांची नसते.

सरदारचं वय चौदा. ही जात सत्तरच्या पुढे जगू शकते. हे मी मालकांना सांगितलं नाही, कारण त्यांनी ते आधीच शोधलेलं होतं.

रात्री ९.१०

नोंदवही. प्रत्येकाचं वजन, कवचाची सरळ लांबी, चालताना पोट उचलतं की नाही. मालकांनाही मी हेच करायला सांगते: आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. कासव दुखणं लपवतं, वजन लपवू शकत नाही. सकाळच्या फोटोवाल्यांचं उत्तर आलंय, "रवाळ आहे." त्यांना उद्या बोलावलं.

नऊ वाजून गेल्यावर ओळखीच्या ओळखीचा एक फोन. मुलीचा वाढदिवस आहे, तिला कासव हवंय, फार जागा लागत नाही ना त्याला? मी म्हटलं, लागते. आठ फुटांपासून सुरुवात, मग खोली, मग अंगण, आणि मुलगी परगावी शिकायला जाईल तेव्हा ते तुम्हीच सांभाळाल. ते म्हणाले, विचार करतो. मी त्यांना आणू नका असंच स्पष्ट सांगितलं. माझ्या घरी कासव नाही, त्यालाही कारण हेच आहे: आमची फरशीही व्हिट्रिफाइड आहे.

ज्यांच्याकडे ते आधीच आहे, त्यांनी झोपण्यापूर्वी कपाटातून यूव्हीबी नळीची पावती काढून तारीख पाहावी. वर्ष उलटलं असेल तर उद्या नवी आणावी. पावसाळा अजून दोन महिने आहे.